काळीभोर

ती. बाबा,

तुम्ही नोकरीत ज्या गावी असायचात, तिथले दोन शेतकरी काल दारात आले. तुम्ही दादाकडे गेलाय कळल्यावर एक पिशवी पुढे करून म्हणाले, "साहेबांना एवढी द्या." आत नुसती माती! नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ती सांडली, माझं डोकं फिरलं, आणि ते वळताच मी पिशवी कचऱ्याच्या गाडीत टाकली.

संध्याकाळी तुमचा फोन आला. "जे खारवट, पांढरं रान सुधारण्यात माझी उभी नोकरी गेली, तिथली माती आणलीय म्हणे! रंग कसा आहे गं?"

मी बिनदिक्कत म्हणाले, "काळीभोर."

तुम्ही लगेच दादाला हाक मारून ते सांगितलंत. मग मला म्हणालात, "म्हणजे जमलं म्हणायचं! जपून ठेव. रविवारी येतो."

कुंडीतली माती डब्यात भरून ठेवलीय. दिसायला काळीच आहे. पण तुम्ही नुसत्या रंगावर कधी गेलात? चिमूटभर जिभेवर ठेवून खारटपणा बघणार, आणि त्या रानाची चव तुम्हाला पाठ आहे.

हे पत्र काही मी टाकणार नाही. खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही, आणि तुमची फसायची नाही.

तोंड लपवून बसलेली,
तुमची ठमी