नबीलच्या रायफलचा लोअर

मी, केरू धोंडू पांचाळ, वय अठ्ठावन्न, मूळ राहणार तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम अल मलाझ, रियाध, धंदा फिटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. अक्षर वाकडं आलं तर कोणी त्याचा वेगळा अर्थ लावू नये. आपण कोणाच्या दडपणाखाली नाही, असं इथे लिहायची पद्धत आहे. माणसाच्या दडपणाखाली मी नाही, एवढं खरं. पण मंगळवारपासून मी फार घाबरलेला आहे, आणि घाबरलेल्या माणसाने आपला पसारा आवरून ठेवलेला बरा.

आमच्या मागच्या गल्लीत डॉक्टर शर्मिला राहतात. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून हे लिहितो आहे. आज शुक्रवार, दुकान बंद.

१. गावचं घर, परस आणि विहिरीतला माझा हिस्सा पत्नी दर्शना हिला, तिच्या पश्चात मुलगी नूपुर हिला. कुंपणावरचं फणसाचं झाड मात्र धाकटा भाऊ विनय याला द्यावं. त्या झाडापायी तो सात वर्षं माझ्याशी बोललेला नाही. फणस कापा आहे, बरका नाही, हेही त्याला आता लेखी कळावं.

२. बँकेत जे असेल ते सगळं दर्शनाचं. तिने माझ्यावाचून चोवीस वर्षं काढली, त्याचं मोल यात नाही.

३. माझा देह गावी न्यावा. कफीलने, म्हणजे माझ्या इथल्या अरब मालकाने, कागद लवकर करावेत ही हात जोडून विनंती. इथल्या शवागारात महिना महिना पडून राहिलेली आपली माणसं मला माहीत आहेत. मेल्यावर थंडी वाजत नाही हे कळतं, तरी त्या थंडीची मला भीती वाटते.

४. व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि कानशींचा डबा नूपुरला. डिप्लोमा करते, तिला कदर आहे. पितळेची छोटी हातोडी कोणालाच देऊ नये. ती का, हे पुढे लिहितो.

५. आमचं दुकान परवान्याचं, शिकारीच्या आणि नेमबाजीच्या बंदुकांचं. या हातोडीने धातूवर हलकी टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. धड धातू खणखणतो, चिरलेला बद्द वाजतो. मडकं घेताना बायका करतात तेच. माझ्या या कानावर दुकान चाललं. गिऱ्हाईक आलं की कफील सांगायचे, केरूचा कान म्हणजे मशीन.

तो कान तीन वर्षांपूर्वी गेला. उजवा पार गेला, डाव्याला बोलणं ऐकू येतं, बारीक आवाज येत नाही. डॉक्टर शर्मिलांनी तपासून सांगितलं तेव्हा मी त्यांना कोणाला न सांगण्याची शपथ घातली. कान गेला म्हटल्यावर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कोण नवा करणार? खलास, विमानात बसा. नूपुरचं शिक्षण अर्धं होतं. तेव्हापासून मी टिचकी मारतो, डोळे मिटतो आणि आठवणीने मान डोलावतो. चीर नजरेने शोधायची आणि कानाने सापडली असं दाखवायचं. तीन वर्षं निभावलं.

६. कफीलचा मुलगा नबील, वय चोवीस, स्वतःसाठी नेमबाजीची रायफल जुळवून घेत होता. लोअर म्हणजे रायफलचा खालचा सांगाडा. घोडा त्यात बसतो, नंबर त्यावर कोरलेला असतो, कायद्याने तोच रायफल समजला जातो. मंगळवारी तीन लोअर माझ्यापुढे टेबलावर मांडले. नबील म्हणाला, "या अम्म केरू, तुम्ही निवडा." या म्हणजे अहो, अम्म म्हणजे काका. तो गुडघ्याएवढा होता तेव्हापासून मी त्याला ओळखतो.

माझा सोबती मोहियुद्दीन हैदराबादचा. चीर शोधायला तो लाल रंगाचं औषध लावतो. चीर असली तर रंग आत शिरतो आणि पुसल्यावरही रेघ दिसते. तो म्हणाला, "केरूभाई, डाई लगा लेते हैं, आधे घंटे का काम है." मी नबीलदेखत म्हणालो, "मियाँ, कान है तो रंगपंचमी क्यों?" सगळे हसले. मोहियुद्दीन हसला नाही.

तिन्हींवर टिचकी मारली. मला काहीही ऐकू आलं नाही. नबीलचा हात मधल्या लोअरवर होता, म्हणून मी मधला उचलला आणि म्हणालो, "हा. फर्स्टक्लास."

संध्याकाळी जोडणी करताना मागच्या कडीपाशी केसाएवढी रेघ दिसली. त्या कडीत स्प्रिंगची नळी बसते आणि नेम धरताना नबीलचा गाल तिथून चार बोटांवर असतो. हत्याराचा ओरखडा असेल, असं मी मनाला बजावलं आणि रायफल त्याच्या हातात दिली. ओरखडा असेलही. मला माहीत नाही. जुम्म्याच्या नमाजानंतर तो रेंजवर जाऊन ती पहिल्यांदा चालवणार आहे.

माझी पापभीरू आई भीमाबाई सांगायची, खोटं बोलणाऱ्याची जीभ झडते. जीभ शाबूत आहे. झडलं तर त्या पोराचं तोंड झडेल, ही माझी भीती. आणि बोललो तर? बंदुकीच्या कामातला खोटेपणा आहे. पोलीस येतील, दुकानाला कुलूप लागेल, मी इथल्या तुरुंगात आणि दर्शना कुणाकुणाच्या पाया पडत फिरेल. या भीतीने तीन दिवस तोंड उघडलेलं नाही.

७. मोहियुद्दीनला माझी खुर्ची, पंखा आणि माफी. रंगाचं औषध खरं होतं.

सहीपूर्वी एक गोष्ट लिहून ठेवतो. डॉक्टर आत्ताच म्हणाल्या, "केरूकाका, साक्षीदाराला आतला मजकूर वाचायची गरज नसते. सही समोर झाली म्हणजे पुरे." ऐकून बरं वाटलं होतं. दुसरा साक्षीदार मोहियुद्दीन, तो न वाचता सही करेल आणि कागद पाकिटात जाईल. मग लक्षात आलं, हा कागद मी मेल्यावर उघडणार. रायफल आज दीड वाजता उडणार. मोहियुद्दीन जिना चढतो आहे. त्याला सहावं कलम हिंदीत सांगणार आहे.

सांगितलं.

सही: केरू धोंडू पांचाळ
स्थळ: अल मलाझ, रियाध
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०.५०

साक्षीदार पहिली: डॉ. शर्मिला. यांच्यासमक्ष सही केली, त्यांनीही केली.

साक्षीदार दुसरा: मोहियुद्दीन. सही झालेली नाही. पेन हातात घेतलं होतं, ते ठेवलं आणि नबीलला तीनदा फोन लावला. उचलला नाही. तो कोणत्या मशिदीत जातो ते मोहियुद्दीनला ठाऊक आहे. म्हणाला, "वसीयत बाद में. पहले चलो. उसको तुम बोलोगे, मैं नहीं." मी म्हणालो, मला भीती वाटते. तो म्हणाला, "मेरे को भी."

चप्पल घालता घालता हे शेवटचं लिहितो. हे सगळं बोलायला तो टेबलाला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आला. मी विचारलं, कधीपासून माहीत आहे? त्याने दार उघडलं. गेली तीन वर्षं दुकानात तो माझ्या डाव्या बाजूलाच उभा राहतो.