चिनहटची माती

बाबा, आज दुपारी नातीने मला विचारलं, विलायतेतल्या खेळपट्टीशी जमवून घ्यायला तुम्हाला किती दिवस लागले होते? ती स्विंग टाकते, तुमची पणती, आणि परवा तिचा संघ तिकडे निघतो आहे. अलीगंजच्या या घरात पलंगभर कपडे पसरून ती बूट बॅगेत कोंबत बसली होती. मराठी तिला सगळी समजते, बोलते मात्र हिंदीत. "सच-सच बताइए आजोबा, कितने दिन?" मी म्हणालो, "एक ओव्हर." ती म्हणाली, "क्या बात है!" तेव्हापासून बीपीची गोळी सकाळी घेतली की नाही हेही आठवेना, दोनदा सुनेला विचारून झालं.

एक ओव्हर नाही, बाबा. दोन सामने लागले, आणि तिसराही अर्धा. हे तुम्हालाही मी कधी सांगितलं नाही. माझं शिक्षण सातवीचं, तुमचं सहीपुरतं, तेव्हा लिहिण्यात चुकलो तर तुम्ही हसणार नाही.

तुम्ही कारखान्याच्या मैदानाचे माळी होता. खेळपट्टीवर पाणी मारून झालं की मला हाक मारायचात. चप्पल काढायला लावून मध्यावर उभं करायचात. "टाच दाब. काय वाटतं?" "गार आहे." "वर गार, की खालीही गार?" "वरचंच कळतंय." "मग पुन्हा दाब." आणि सांगायचात, नव्या मैदानावर पहिली ओव्हर बॅट्समनला टाकू नको, जमिनीला टाक, ती चेंडूचं काय करते ते बघ, मग त्याच्याकडे बघ. चिनहटच्या तळ्यातली चिकणमाती बैलगाडीतून यायची. तिचे तुम्ही ओले लाडू वळून स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवायचात आणि वाळले की टाचेखाली मोडून बघायचात. ज्या मातीचा लाडू लवकर मोडत नाही, तिच्यावर चेंडू चांगला उसळतो. आई म्हणायची, "खरे लाडू ठेवले असते तर मुंग्या तरी आल्या असत्या घरात."

पुढे मी कारखान्याकडून खेळू लागलो. मग सगळ्या कारखान्यांचा मिळून एक संघ विलायतेला निघाला आणि त्यात माझी निवड झाली. आईने स्वेटर विणला. तुम्ही एवढंच म्हणालात, "येताना तिथल्या खेळपट्टीची मूठभर माती आण."

तिकडे चेंडू हातातून सुटला की वळायचाच, दुपारपर्यंत वळत राहायचा. आपल्याकडे नवा चेंडू पाच-सहा ओव्हर वळतो, मग जमीन कडक असते म्हणून जोराने आखूड आपटायचा. मला तेवढंच येत होतं, तेच तिथे करत राहिलो. चेंडू टप्पा पडून सावकाश वर यायचा आणि वळून लांब जायचा, कीपर बिचारा दोन्हीकडे झेपावायचा. कर्णधार मिडऑफवरून ओरडायचा, "नवाब साहब, ज़रा आगे तशरीफ़ लाइए, गेंद को भी साथ लाइए!" सगळे हसायचे. तुमची टाच मला पहिल्या दिवसापासून आठवत होती. पण समोर खुर्च्यांवर गोरी माणसं चहा पीत बसलेली, त्यांच्या देखत अनवाणी कोण उभं राहणार? दोन सामने मी बूट काढला नाही, एकही बळी मिळाला नाही.

तिसऱ्या सामन्यात जेवणाची सुट्टी संपताना नाडी बांधायचं निमित्त करून बूट काढला आणि मोज्यातलीच टाच दाबली. वर गार, खालीही गार, टाच रुतली. मग समजलं की इथे जोर लावून उपयोग नाही, जमीनच चेंडू धरून ठेवते. टप्पा दोन हात पुढे नेला, जोर थोडा कमी केला, चेंडू ऑफच्या बाहेर सुरू करून आत येऊ दिला. त्या दुपारी मला पाच बळी मिळाले.

संध्याकाळी तिथला माळी माझ्याजवळ आला. म्हातारा, डोक्यावर टोपी, गुडघ्यांना चिखल. त्याने माझं बूट काढणं पाहिलं होतं. हाताला धरून आपल्या शेडमध्ये नेलं, रोलर दाखवला, मातीचं पोतं उघडून दाखवलं. आमचा मॅनेजर मागोमाग आला होता, त्याने सांगितलं, "पूछ रहा है, एड़ी से पिच देखना किसने सिखाया? कहता है, यह तो हम मालियों का काम है." पोतं हाताच्या अंतरावर होतं. माझे वडील तुझंच काम करतात आणि त्यांनी मूठभर मागितली आहे, एवढंच बोलायचं होतं. त्याने ओंजळ भरून दिली असती. मी मॅनेजरच्या कोटाकडे बघितलं आणि म्हणालो, "कोच साहब ने." आपल्याला कोच होता कधी?

घरी आलो तेव्हा "माती ट्रंकेत खाली आहे, उद्या काढतो" म्हणालो. दुसऱ्या दिवशी सायकलने चिनहटला गेलो, तळ्याकाठची माती उकरली आणि विलायती बिस्किटांच्या डब्यात भरली. जी तुम्ही वीस वर्षं गाडीपासून खेळपट्टीपर्यंत डोक्यावर वाहिली, तीच. घाबरलेल्या माणसाला एवढंही सुचत नाही.

तुम्ही स्वयंपाकघरात डबा उघडलात. शेजारचे फिटर भैया आणि त्यांची बायकोही बघायला आली होती. तुम्ही चिमूट बोटांत चोळली, हुंगली, जिभेला लावली. मग माझ्याकडे एकदाच बघितलंत. भैयांनी विचारलं, "क्यों चाचा, असली विलायत की है?" तुम्ही म्हणालात, "हाँ. बेटा लाया है." पाणी घालून लाडू वळलात आणि खिडकीत आपल्या मातीच्या लाडवाशेजारी ठेवलात. तो वाळला. तुम्ही मोडून बघाल म्हणून मी कितीतरी दिवस वाट पाहिली. तुम्ही मोडला नाहीत. एक थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं.

तुमच्यामागे तो डबा माझ्याकडे आला. दोन्ही लाडू त्यात एकाच कागदात गुंडाळलेले आहेत. विलायतेचा म्हणून कोणता ठेवला होता, ते मला ओळखता येत नाही.

नात डब्यातली माती विलायतेचीच समजते. आज म्हणाली, "मैं भी लाऊँ, आजोबा? वैसी ही मिट्टी?" मी म्हणालो, "नको, चॉकलेट आण." ती हसली. "आपको तो शुगर है!"

ती बाजारात गेल्यावर हे लिहायला बसलो. नाव तुमचं घातलं, पण वाचावं तिने, असं मनात होतं. तिच्या बॅगेत बुटांखाली ठेवलंही होतं. मग आठवलं की ती फक्त बोलते हिंदीत, मराठी तिला नीट वाचता येते. म्हणजे ती खरंच वाचणार, म्हणून परत काढून घेतलं.