एका फ्रिजची तीन घरं

३ जून

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितेय. राहणीमान पाहणीचे तुमच्या इमारतीचे फॉर्म आज तपासायला माझ्या टेबलावर आले. तळमजल्यावरच्या नर्सबाईंकडे फ्रिज. पहिल्या मजल्यावर तुमच्याकडे फ्रिज. वर ड्रायव्हरकाकांकडेही फ्रिज! तिन्ही फोटोंत दाराला तोच पोचा आणि तेच पोपटाचं चित्र. तुमच्या फोटोत तर तो शिलाई मशीनला खेटून उभा आहे आणि वायर भिंतीपर्यंत पोचतच नाही.

बाबा, हे काय गौडबंगाल आहे? खाली सही मला करायची आहे. गेल्या खेपेला मी गंमत म्हणून तुमचा फॉर्म भरला होता, तेव्हा चाळीसपैकी अकराच गुण झाले होते. आता एकदम सोळा?

खरं काय ते कळवा. रागावले आहे, पण तुमचीच आहे.

तुमची,
ठमी

७ जून

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चोरी पकडलीस, शाबास. पण मूळ गुन्हेगार तूच. पुढच्या पाहणीतही पंधरा गुणांच्या खाली राहिलात तर टेम्पो घेऊन येते आणि कायमचं माझ्याकडे नेते, असं तूच बजावलं होतंस. मला इथून हलायचं नाही गं. ते तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून पाच गुणांसाठी हा उद्योग केला.

पाहणीला आलेल्या तुझ्या ऑफिसच्या माणसाला फोटो झाल्यावर नर्सबाईंनी आतल्या खोलीत बसवून दोन कप चहा पाजला, तेवढ्यात ड्रायव्हर नवराबायकोने फ्रिज माझ्याकडे चढवला. मग ड्रायव्हर म्हणाला, आमच्याच घराने काय घोडं मारलंय? म्हणून मी पाहुण्याला उजेडात माप घेतो असं सांगून गॅलरीत उभं केलं आणि त्याच्या पँटचं माप चांगलं वीस मिनिटं घेतलं. पँट आता शिवून द्यावी लागणार. ड्रायव्हरची कंबर अजून धरलेली आहे.

पण तसं खोटं तरी काय आहे? त्या फ्रिजची दुसरी फळी माझीच. माझ्या चादरी ड्रायव्हरच्या मशीनमध्ये धुतल्या जातात, आणि दोन्ही घरांचे उसवलेले कपडे माझ्या मशीनवर शिवले जातात. चाळीस वर्षं मापं घेतली मी. माप आखूड आलं, तर टेप कुठून धरली होती ते आधी बघायचं असतं.

सही मात्र खऱ्यावरच कर. आशीर्वाद आहेतच, ते मोजत बसू नकोस.

तुझे,
बाबा

१५ जून

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फॉर्म दुरुस्त केला. शेऱ्यात लिहिलं, 'फ्रिज एक, घरं तीन, वापर सगळ्यांचा.' साहेब पोट धरून हसले आणि शेरा खोडला, कारण त्याला रकानाच नाही. तुम्ही पुन्हा अकरावर. तुमचं राहणीमान निम्न ठरलं, तेही माझ्या सहीने!

मग डबा खाता खाता माझ्याच घराचा फॉर्म भरला. सदतीस. आणि एकदम रडू आलं. तुम्हाला सांगितलं नव्हतं, गेल्या महिन्यात तीन दिवस तापाने पडून होते. फ्रिज गच्च भरलेला, पण उठून दार कोण उघडणार? शेजारच्यांना माझं नावही माहीत नाही.

रविवारी येते. टेम्पो आणत नाही, आता कधीच आणणार नाही. फ्रिजमध्ये माझ्यापुरती जागा ठेवा.

मायेची सवय लागलेली,
ठमी

१९ जून

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तिघांनी मिळून वाचलं. टेम्पो रद्द झाला म्हणून ड्रायव्हर नाचायला उठला आणि कंबर धरून बसला. तापाचं कळल्यावर मात्र नर्सबाई माझ्यावरच उखडल्या, मुलगी आजारी पडते आणि तुम्हाला पत्ता नाही म्हणून. त्यांनी फ्रिजवरच्या पोपटाच्या खाली तुझा फोन नंबर चिकटवलाय. रोज संध्याकाळी दूध घ्यायला जो येईल, त्याने तुला फोन करायचा, असं ठरलंय.

माझं दूध सरकवून तुला अर्धी फळी दिली आहे. तुमच्या फॉर्मात ती कुठे बसते का बघ. नाही बसली तरी ती तुझीच.

वाट पाहणारे,
बाबा