कुंकवाची डिस्क

मी, अनंत महादेवराव निखाडे, वय सदुसष्ट, सहकारी बँकेतून निवृत्त झालेला रोखपाल, राहणार हुडकेश्वर, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर शंका घेणारा या घरात एकच आहे, तो म्हणजे माझा कॉम्प्युटर. मी कोण आणि माझ्याजवळचं काय खरं, हे तो दर वेळी नव्याने विचारतो. त्याचं समाधान करणं मी सोडून दिलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तसा कागद कोणी दाखवला तर तो बनावट समजावा.

कलम १. हुडकेश्वरचं राहतं घर, बँकेतल्या ठेवी आणि माझी पत्नी कै. प्रेमिला हिचे दागिने आमची एकुलती एक मुलगी मिनल हिला मिळावेत. घर विकायचं असेल तर खुशाल विकावं, पण अंगणातल्या कढीपत्त्यावर कुऱ्हाड चालवणाऱ्याला विकू नये.

कलम २. कूलरवर शेजारी ताराचंद यांची फार वर्षांपासून नजर आहे. म्हणून मी त्यांना या मृत्युपत्राचा साक्षीदार केलं आहे. साक्षीदाराला काही देऊ नये, असं वकील म्हणतात. कूलर मिनलचा.

कलम ३. लोखंडी कपाटात कॉम्प्युटर गेम्सची खोकी आहेत. सगळी अस्सल, सगळी सीताबर्डीवरून पावती घेऊन आणलेली. मिनलच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर घेतला आणि नाद मला लागला. लोक हसले. हसोत. माझ्या हातून बँकेत एक खोटी नोट पुढे गेली नाही, मग घरात खोटी डिस्क कशी येऊ देणार?

या प्रामाणिकपणाचं फळ काय मिळालं, ते मिनलने नीट वाचावं. एक गेम सुरू करताना पुस्तिकेतला अमुक पानावरचा शब्द विचारतो, आणि पुस्तिका वाळवीने खाल्ली. दुसरा एकट्याने खेळायचा, तरी त्याला सतत इंटरनेट लागतं. गल्लीत कोणी नालीसाठी रस्ता खोदला की इकडे माझा किल्ला पडतो. तिसरा तीनदाच कॉम्प्युटरवर टाकता येतो. नागपूरच्या उन्हाळ्यात मदरबोर्ड जळत गेले आणि कंपनीने समजून घेतलं की मी तो तिघांना वाटला. चौथ्याची कंपनी केव्हाच बुडाली, तरी तो अजून तिचीच परवानगी मागतो. माणूस गेला तर त्याची सही चालत नाही, एवढं तर आमच्या शिपायालाही कळत होतं.

हे सगळं मुलीच्या नावे करायचं म्हणून मी एका कंपनीला रीतसर विचारलं. उत्तर आलं की परवाना वैयक्तिक आहे, दुसऱ्याला देता येत नाही, तो माझ्याबरोबर संपतो. म्हणजे खोकं माझं, डिस्क माझी, पावती माझी, आणि आत जे आहे ते माझं नाही! बँकेत एखाद्या खातेदाराच्या वारसाला मी असं सांगितलं असतं तर त्याने काउंटरची काच फोडली असती, आणि मी त्याला दोष दिला नसता. तरीही ही खोकी मी मिनलला देत आहे. कंपनीला काय करायचं ते करू दे.

कलम ४. यातला एक गेम वेगळा आहे. त्यात गाव वसवायचं असतं. त्याचं नाव मी लिहिणार नाही, त्या कंपनीला माझ्या मृत्युपत्रात जागा द्यायची माझी इच्छा नाही.

तो माझा नव्हता, प्रेमिलाचा होता. मिनलचं लग्न झालं, घर रिकामं झालं आणि जी बाई मला "म्हातारपणी पोट्ट्यावानी खेळून राहिले" म्हणून टोचायची, तीच दुपारची भांडी आवरून माउस धरायला लागली. तिने गाव वसवलं, त्याला नाव दिलं नवं भिवापूर. भिवापूर तिचं माहेर. मधोमध मिरचीबाजार काढला, त्याच्याभोवती घरं. मी मुख्य रस्ता रुंद करायला सांगितलं तर म्हणाली, "तुमचं गाव तुम्ही वेगळं बांधा." शेवटी टेकडीवर पाण्याची टाकी झाली, पाइप बाजाराकडे निघाला. "आता दसऱ्यानंतर जोडीन," म्हणाली आणि कॉम्प्युटर बंद केला.

दसऱ्याला आमच्याकडे कामाच्या सगळ्या वस्तू पाटावर ठेवून पुजतात. विळा, कात्री, स्कूटरची किल्ली, माझं पेन. त्या वर्षी प्रेमिलाने त्यात ही डिस्कही मांडली, चकाकणारी बाजू वर करून. नेमकी तीच बाजू कॉम्प्युटर वाचतो. तिने त्यावर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने गोल गोल खसखसून पुसली. अक्षतांनी आपलं काम केलं, डिस्कभर चरे पडले.

"काय केलं वं हे?" मी ओरडलो.

"अहो, मंग काय देवीले पाठ दाखवाव?"

डिस्क घातली. पडद्यावर आलं, कृपया मूळ डिस्क घाला. काढून पुन्हा घातली. मूळ डिस्क घाला. अरे, मूळच आहे! गाव कॉम्प्युटरमध्ये जसंच्या तसं होतं, गेमही होता, पण दारावरच्या या पहारेकऱ्याला डिस्कवरची कुठलीशी छुपी खूण दिसेना, आणि त्यापुढे तो काही ऐकेना. कंपनीला लिहिलं, त्यांनी फोटो मागवला. मी कुंकवासकट पाठवला. त्यांनी कळवलं की डिस्कवर लाल पदार्थाने छेडछाड केलेली दिसते, सबब बदलून मिळणार नाही. दुकानातल्या प्रती संपल्या होत्या. पुढे नवा गेम निघाला, त्यात जुनी गावं उघडत नाहीत.

पुढच्या वर्षी प्रेमिला आजारी पडली. दवाखान्यात मिनलची चौकशी झाली की विचारायची, "अहो, त्या मिरचीबाजारात पाणी पोचलं काय?" मी म्हणायचो, डिस्क मिळू दे, पोचवतो. डिस्क मिळाली नाही. प्रेमिला गेली. त्या कंपनीला मी माफ केलेलं नाही. मृत्युपत्रात रागही ठेवून जाता येत असेल तर हा मिनलच्या नावे करावा.

कलम ५. माझा मेहुणा जितेंद्र याचं नागपुरातच महाल भागात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडे या गेमची चोरटी प्रत आहे, पहारेकरी काढून टाकलेली. ती कधी डिस्क मागत नाही, कधी अडत नाही. दर भाऊबीजेला तो हसायचा, "भाऊजी, तुम्ही पैसे भरून रडून राहिले, अन् माझ्याकडचे पोट्टे फुकटात खेळून राहिले! एक फाईल टाकू द्या, दोन मिनिटात ताईचं गाव उघडते." मी म्हणायचो, चोरीचा माल माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. ताई गेल्यावरही तो दर भाऊबीजेला येत राहिला आणि विचारत राहिला. त्याच्या चिकाटीचा मला अतोनात त्रास झाला आहे, तो इथे नोंदवून ठेवतो.

माझा कॉम्प्युटर जितेंद्रला मिळावा. माझ्या पश्चात त्याने आपली ती फाईल टाकून नवं भिवापूर उघडावं. मी हयात असेपर्यंत टाकू नये.

(वरील कलमातली शेवटची दोन वाक्यं मी स्वतः रद्द करत आहे. कारण खाली देतो.)

कलम ६. हे लिहून झाल्यावर या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून संमती घ्यायला जितेंद्रला रविवारी बोलावलं. तो उभ्यानेच वाचत होता. पाचव्या कलमावर थांबला. मला वाटलं, हसेल. हसला नाही.

"भाऊजी, काहून मरणाची वाट पाहून राहिले? तुम्ही गेल्यावर मी हे उघडीन, अन् दाखवू कोणाले? ताई नाही, तुम्ही नाही."

मी उठून कॉम्प्युटर सुरू केला. मी म्हणालो, "टाक तुझी फाईल."

मी चहाचं आधण ठेवून येईपर्यंत गाव उघडलं होतं. पहारेकरी नाही, प्रश्न नाहीत. टेकडीवर टाकी होती, मिरचीबाजार होता, मी हिणवलेला अरुंद रस्ता होता. पाइप बाजाराच्या तोंडाशी येऊन थांबला होता, एका चौकोनाइतकी जागा शिल्लक. जितेंद्रने माउस माझ्याकडे सरकवला. मी पाइप जोडला. बाजारावरची पाणी नसल्याची लाल खूण गेली. आम्ही दोघंही रडलो, हे साक्षीदारांना माहीत असावं. चहाचं पातेलं जळालं, ते वाटणीतून वगळावं.

सबब, नवं भिवापूर मी मिनलला देत आहे, रस्ता रुंद न करण्याच्या अटीवर. गाव पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आहे, त्यासोबत जितेंद्रची प्रत जोडली आहे. प्रेमिलाची कुंकवाची डिस्क देवघरात आहे, ती तिथेच राहू द्यावी.

जितेंद्रची प्रत नक्कल आहे. मी, रोखपाल, ती तपासली आहे आणि स्वीकारली आहे.

वाचून, समजून सही केली.
अनंत महादेवराव निखाडे

आमच्यासमोर सही झाली:
१. ताराचंद मोहनलाल साहू, हुडकेश्वर (कलम २ वाचले. हरकत नोंदवली.)
२. कुसुमताई वासुदेव ढोबळे, हुडकेश्वर

नागपूर, १७ नोव्हेंबर २०२५