उम्मीमार्फत

३ नोव्हेंबर

आज पुन्हा काही नाही! बाहेरच्या द्रावणात इंडोल या रसायनाचा मागमूस नाही. आमच्या एन्झाइमचे दोन भाग — पहिला इंडोल बनवतो, दुसरा ते वापरतो, आणि दोघांच्या मधे एक अरुंद बोगदा. माल आतल्या आत पोचता होतो. उघड्यावर आला तर पेशीच्या भिंतीतून निसटून जाईल, म्हणून ही काळजी. मी तो बोगदा बुजवायला निघाले आहे. बुजला, तर इंडोल बाहेर सांडेल आणि चाचणीत गुलाबी रंग येईल. सी शादली, आमचे प्राध्यापक, म्हणतात महिना संपायच्या आत रंग दाखव. दाखवते!

शुक्रवार, म्हणून उम्मीचा, आईचा, फोन. घरी स्फॅक्सला जैतुनाची तोडणी सुरू झाली. म्हणाली, बाबा म्हणतात ट्यूनिसची थंडी हाडात शिरते, लोकरीचे मोजे घाल. म्हटलं, त्यांनाच दे की फोन. तर म्हणे त्यांचे हात तेलाचे आहेत. मागच्या खेपेला नमाजाआधी वजू करत होते. खोकला मात्र अगदी फोनच्या शेजारून येतो.

४ नोव्हेंबर

काकांच्या मुलाशी ठरलेलं लग्न मी मोडलं, तेव्हा बाबा म्हणाले, "हिच्याशी माझं बोलणं संपलं." शब्दाचा माणूस — संपलं ते संपलंच! पण दर हिवाळ्यात घाण्याचं पहिलं तेल येतं, उम्मीच्या नावाने. गच्चीवर वाळवलेला रव्याचा कुसकुस येतो. सगळं येतं, आवाज तेवढा येत नाही. मला त्यांचा आवाज हवा आहे. रागावले तरी चालेल.

९ नोव्हेंबर

शेजारच्या टेबलावर इन्साफ काम करते. तिच्या जिभेला हाड नाही. जेवताना म्हणाली, "कशावरून ते तुझ्या बाबांचे शब्द? आई मनचंच सांगत असेल."

मी डबा बंद केला.

१० नोव्हेंबर

आज चाचणी घेतली — उम्मीची! म्हटलं, मी गाढवावरून पडले होते तेव्हा बाबा मला काय म्हणाले, विचार त्यांना. ही गोष्ट आम्ही बापलेकींनी तिच्यापासून लपवली होती. तिकडे कुजबुज झाली.  

मग उम्मी, तणतणत: "म्हणतात, 'चूक गाढवाची. तू रडलीस तर त्याला वाईट वाटेल.' आणि तू कधी पडलीस गं? या घरात मला कोणी काही सांगतच नाही."

अक्षरन् अक्षर त्यांचं! वाटेत काही सांडलं नाही, काही मिसळलं नाही. म्हणजे मोजेही त्यांचेच, थंडीही त्यांचीच. संध्याकाळभर रडू येत राहिलं, आणि ते बरं वाटत होतं.

११ नोव्हेंबर

मोजे विकत घेतले.

१७ नोव्हेंबर

रंग नाही. सी शादली नुसते चष्मा पुसतात.

उम्मी आज चिडलेली. बोलताना मधे मधे थांबत होती, दम लागल्यासारखी. "ये ना एकदा. तोडणीला माणसं मिळत नाहीत. आणि तुम्हा दोघांचे निरोप मी किती दिवस वाहू? दोघांनाही तोंडं दिली आहेत ना देवाने?" म्हटलं, रंग आला की येते. ती म्हणाली, "रंगाला माझा सलाम सांग."

२३ नोव्हेंबर

रंग आला! गुलाबी, चक्क गुलाबी! बोगदा बुजला, इंडोल बाहेर आलं. इन्साफने मिठी मारली. सी शादलींनी स्वतः कॉफी आणली, साखर विसरले.

शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं. उम्मीला कळवलेलं नाही. सरळ घाण्यावर जाऊन बाबांसमोर उभी राहणार. पाठ फिरवली तर फिरवू देत, मी फिरून पुन्हा समोर जाईन. काय बोलायचं ते ठरवते आहे आणि सारखं विसरते आहे.

२४ नोव्हेंबर

सकाळीच फोन. बाबा.

"रौदा," म्हणाले. किती वर्षांनी!

"तुझी उम्मी पहाटे गेली, पोरी. निरोप द्यायला दुसरं कोणी नाही, म्हणून मीच फोन केला."