व्याह्यांचा सात्त्विक शनिवार

ठाणे, नौपाडा
सोमवार

तीर्थरूप मधुमामांस,

विश्रामचा साष्टांग नमस्कार (गुडघे आता वाकत नाहीत, तरी घातला असं समजावं). नवी कवळी बसली का? मामींची पाठ काय म्हणते? आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. फोनच केला असता, पण तुम्ही फोन कायम स्पीकरवर ठेवता आणि मामी शेजारी वाटाणे सोलत बसलेल्या असतात. हा मजकूर वाटाण्यांसमोर बोलण्यासारखा नाही, म्हणून बऱ्याच वर्षांनी पत्र लिहितोय.

आमच्या सान्वीसाठी डोंबिवलीच्या दौलतरावांचा ऋतुराज तुम्हीच सुचवलात. तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत, की माणसं फार सात्त्विक आहेत, तू आपलं जिभेला आवर घाल. मी घातला. त्यांच्याकडे पहिल्या भेटीत दुसरा चहा पुढे आला तेव्हा मी नम्रपणे म्हणालो, चहासुद्धा कमी केलाय. दौलतराव म्हणाले, आम्ही कांदासुद्धा बेतानेच. मग मी माझे उपासाचे मंगळवार काढले, त्यांनी गुरुवार काढले, आणि लिलाव चढत जावा तसं होत होत शनिवार दोघांचाही ठरला. तेव्हापासून दोन महिने दोन्ही घरांत जेवणं झाली, आणि दर वेळी दुधी. (दुधीची भाजी, दुधीचे कोफ्ते, दुधीचा हलवा. एकदा तर विहीणबाई उत्तराताईंनी दुधीचं रायतं केलं आणि वर विचारलं, ओळखा पाहू कशाचं?) मी सोसलं, कारण पोरगी खूश होती. मामा, या दोन महिन्यांत सान्वी माझ्यावर एकदाही खेकसलेली नाही. ऑफिसातून आली की गुणगुणत चपला काढते. अशा पोरीसाठी बाप दुधीच काय, कारलंसुद्धा मागून घेईल.

पण शरीराचंही काही म्हणणं असतं. आपला नळफिटिंगवाला आनंदा (तुम्ही त्याला ओळखता, माझ्या लग्नात घोड्यावरून पडला तो) गेल्या शनिवारी म्हणाला, चल, कर्जतच्या अलीकडे नदीकाठी एक रिसॉर्ट आहे, दोन दिवस जरा माणसासारखे जेवू. सोबत आमचा दोस्त राघो. घरी बायकोला, विनिताला, मी सांगितलं, शटरची ऑर्डर आहे, माप घ्यायचंय. दुपारी एकला आम्ही नदीकाठच्या रेस्टॉरंटात बसलो. तंदुरी सुरमई आली, कोळंबी आली, आणि वेटरने शिफारस केलेलं कॉकटेल आलं. मामा, मी आयुष्यात पेल्यात दारूवर पाणी, सोडा किंवा काहीच नाही एवढंच बघितलेलं. हे निराळं होतं. आत कोकम, मधे उभी चिरलेली हिरवी मिरची, वर कागदाची छत्री आणि पेल्याच्या काठाला गोल मीठ, जणू माझी दृष्टच काढायची आहे. राघोने वेटरला विचारलं, यात औषध कुठलं आणि अनुपान कुठलं? पण चव अशी, की दोन महिन्यांचा दुधी एका घोटात विसरलो.

दुसरा पेला हातात आला आणि मधल्या बांबूच्या ताटीपलीकडून कोणीतरी खाकरलं. तुम्हाला माहीत आहे, बाळकुमच्या वर्कशॉपमध्ये तीन ग्राइंडर चालू असताना कुठला कामगार माझ्या नावाने कुरकुरतो ते मला ऐकू येतं. ते खाकरणं दौलतरावांचं होतं. मी आनंदाच्या तोंडावर नॅपकिन दाबला आणि कान ताटीला लावला. दौलतराव आपल्या मित्राला सांगत होते: "मुलगी सोनं आहे रे. पण तो बाप! त्याच्यासमोर ताटावर बसलं की आजारी असल्यासारखं वाटतं. मधुमामा सांगत होते, पंधरा वर्षं पहाटे चारला उठून पोथी वाचतो. असल्या पुण्यवान माणसाशी जन्मभराची सोयरीक मला झेपायची नाही. सोमवारी मामांना नकार कळवतो. पत्रिका पुन्हा दाखवली म्हणून सांगतो."

(पहाटे चार, मामा? मी? पोथी?)

पेला घेऊन उठावं तर मी खोटारडा ठरतो. न उठावं तर साधू ठरतो आणि पोरीचं लग्न मोडतं. आनंदा कुजबुजला, मागच्या दाराने पळूया. पण मला सान्वीचं ते गुणगुणणं आठवलं. उठलो, छत्री सरळ केली आणि ताटीला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

म्हटलं, "दौलतराव, हे काठाचं मीठ आधी चाटायचं की झटकायचं?"

त्यांच्या तोंडात कोळंबी होती, तिचं शेपूट बाहेर. त्यांच्याही पेल्यात छत्री होती. ती नॅपकिनखाली लपवायला गेले, तर नॅपकिन तंबूसारखा उभा राहिला. मग त्यांनी शेपूट काढून ताटात ठेवलं आणि हळूच विचारलं, "आज शनिवार ना हो?"

म्हटलं, "हो. दोघांचाही."

"आधी चाटायचं," ते म्हणाले, आणि मोठ्याने वेटरला हाक मारली, "अरे, ही ताटी काढ रे मधली!"

पुढचा तासभर आम्ही तुमच्याबद्दलच बोललो, मामा. प्रेमाने बोललो. दोन्हीकडे एकच थाप मारण्याची तुमची हातोटी दौलतरावांना फार आवडली. नकार रद्द. आजच्या फोनवर त्यांनी तुम्हाला फक्त साखरपुड्याची तारीख विचारली असेल. साखरपुड्याला तुम्ही दोघांनी आदल्या दिवशीच यावं. मामींना शि. सा. नमस्कार.

तुमचा,
विश्राम

ता. क. दोन्ही घरच्या बायकांच्या लेखी आम्ही अजून सात्त्विकच आहोत, आणि साखरपुड्याला पुन्हा दुधी ठरलाय. तेव्हा तुमच्यापाशी एकच मागणं. बैठकीत, सगळ्यात वडीलधारे म्हणून, तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगावं, की आपल्यात जुनी प्रथा आहे: पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवायला दोन्ही व्याह्यांनी मिळून जायचं, बायकांनी यायचं नाही, आणि वाटेत दोन रात्री मुक्काम करायचा. वाट कर्जतवरून जाते एवढंही सांगितलंत तर उपकार होतील.

ता. क. २. कुरिअरचा पत्ता लिहायला पाकीट सान्वीकडे दिलं होतं. उघडंच होतं, तिने वाचलं. म्हणाली, "पपा, मग मागच्यासारख्याच दोन्ही रूम शेजारी-शेजारी घेऊ, की या वेळी मामाआजोबांसाठी तिसरी पण?" आनंदाला रिसॉर्ट तिने सुचवलेलं, दौलतरावांच्या मित्राला ऋतुराजने. म्हणे, तुम्हा दोघांना अजून एकदा एकमेकांसमोर दुधी जेवायला बसवलं असतं तर आमचं लग्न मोडलंच असतं. माझे कान तिखट असं मी समजत होतो. मामा, ही पोरगी आता दौलतरावांच्या घरी जाणार आहे. त्यांना बिचाऱ्यांना यातलं अक्षता पडेपर्यंत काही बोलू नका.