बाबांच्या शेळ्या

१४ जानेवारी

उम्मी,

तुला सलाम. सकाळी खमीस काकांच्या होडीतून बेटावर आलो. बाबा गेल्यापासून इकडे कुणी फिरकलं नव्हतं, तरी शेळ्या सगळ्या धड आहेत. एक व्यायलीही आहे. इद्दतीचे, दुखवट्याचे दिवस संपेपर्यंत तुला घराबाहेर पडता येणार नाही, म्हणून लगेच कळवतो.

मी हाक मारली, तर एकही कड्यावरून हलली नाही. काका हसले. "अरे, शेळ्यांना बोलावतोयस की मस्कतच्या साहेबाकडे रजा मागतोयस? बापासारखा ओरड!"

मग बाबांसारखा ओरडलो. सगळ्या धावत उतरल्या आणि मला ओलांडून होडीपाशी गेल्या. होडी रिकामी दिसली तरी बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

तू विकून टाक म्हणाली होतीस. मला वाटतं, राहू देत. महिन्यातून एकदा मी येईन, एरवी काका बघतील. तुझं काय म्हणणं? धाकटी शम्सा तुझ्याजवळ झोपते ना? वेळेवर जेवत जा.

काका हे पत्र घेऊन निघालेत, उद्या मला न्यायला येतील. मी आता पाण्याचे डबे वर नेऊन दगडी कुंडात ओततो.

तुझा,
सुहैल